रूपकुंडच्या वाटेवरची मुक्कामबंदी : पार्श्वभूमी

उत्तराखंडच्या हिमालयातल्या रूपकुंड या तळ्याचा ट्रेक कोर्टाने बंद केला, असं सरसकट बोललं जातं. ऑगस्ट 2018च्या निकालात उच्च न्यायालयाने बंदी घातली ती उत्तराखंडमधल्या बुग्यालांवर, म्हणजे झाडीच्या वरच्या उघड्या गवताळ कुरणांवर, रात्री मुक्काम करायला. चालायला नाही. पण वाटेवरच्या गैरोली पाताल या जंगलातल्या तळाच्या वर झाडी संपते आणि बेदनी, पाथर नचौनी, भगुवाबासा हे पुढचे सगळे तळ उघड्यावरचे. जंगलातून निघून सुमारे 5,000 मीटरवरच्या कुंडापर्यंत एका दिवसात जाऊन येणं सामान्य ट्रेकरच्या आवाक्यातलं नाही. विरळ हवेची सवय व्हायला मधले मुक्काम लागतातच. मुक्काम गेला, तिथेच ट्रेकही गेला.

बारा वर्षांनी निघणारी नंदादेवीची राजजात ही यात्रा याच वाटेने जाते, ती किती जुनी यावर वाद आहेत. 1942 मध्ये एका वनरक्षकाला कुंडाकाठी माणसांचे सांगाडे दिसले आणि कुतूहल सुरू झालं. तरी पुढची कित्येक दशकं इथे येणारे मोजकेच होते. खरी रीघ लागली ती उत्तराखंड वेगळं राज्य झाल्यानंतर. ठरलेल्या तारखांच्या बॅचेस, इंटरनेटवर बुकिंग, पायथ्याच्या लोहाजंगला जीपमधून उतरलं की दुसऱ्या दिवशी चालायला सुरुवात. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बेदनीवर एकाच रात्री अनेक कंपन्यांचे तंबू लागायचे.

नुकसान डोळ्यांना दिसत होतं. पाणी आत येऊ नये म्हणून तंबूभोवती खणलेले चर, टॉयलेट टेंटचे अर्धवट बुजवलेले खड्डे, तंबू उचलल्यावर खाली उरलेले पिवळे चौकोन. खेचरांनी चिखल टाळता टाळता एका पायवाटेच्या चार-पाच वाटा केल्या होत्या. इथलं गवत वर्षातले थोडेच महिने वाढतं. एकदा मुळासकट उखडलं की पावसाने मातीच वाहून जाते.

याचिका 2014ची, आणि ती केली होती तिथल्याच एका संरक्षण समितीने. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण निकालाला ‘बाहेरच्यांनी लादलेला’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. निकालात मुक्कामबंदीबरोबर वनखात्यानेच उभारलेल्या फायबरच्या झोपड्या हटवायचे आदेश होते (खात्याने स्वतः बांधकाम करायचं आणि ट्रेकरना शिस्त शिकवायची, हा प्रकार जुनाच), चराई स्थानिक गुराख्यांपुरती ठेवायची होती आणि पर्यटकांची संख्या 200च्या आत राखायची होती. घोळ या आकड्याचा आहे. 200 म्हणजे दिवसाला की हंगामाला? एका बुग्यालावर की सगळ्या मिळून? आदेशाच्या त्या ओळीतून कळत नाही. एकट्या बेदनीपुरता दिवसाला 200 धरला तर तो भरपूर आहे. सगळ्या राज्याचा धरला तर हास्यास्पद. माझ्या मते दिवसागणिक मर्यादा, पक्के ठरवलेले तळ आणि मैला खाली आणण्याची सक्ती एवढ्यावर भागलं असतं. सरसकट मुक्कामबंदीने शिस्तीत काम करणारा आणि कचरा टाकून जाणारा, दोघांनाही एकाच मापाने मोजलं.

याच चमोली जिल्ह्यात आधी असं घडलं होतं. 1974 मध्ये परदेशी मोहिमांना खुलं झालेलं नंदादेवी शिखराभोवतीचं अंतरंग कचरा आणि लाकूडतोडीमुळे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झालं, तेव्हा लाटा-रेणी भागातल्या लोकांची हमाली गेली आणि चराईही गेली. बंदीची किंमत पायथ्याच्या गावाने मोजायची, हा हिशेब तेव्हापासूनचा.

2018 नंतर वाण आणि लोहाजंग या पायथ्याच्या गावांतल्या गाईड, स्वयंपाकी, खेचरवाल्यांचं तेच झालं. काहींनी मोर्चा ब्रह्मतालच्या ट्रेककडे वळवला, काही दूर केदारकांठाच्या ट्रेकवर कामाला जाऊ लागले. गर्दीही त्यांच्याबरोबर तिकडे गेली. रूपकुंडच्या वाटेवर आता गैरोली पातालला तंबू लावून आली आणि बेदनी ही बुग्यालं पाहून संध्याकाळपर्यंत परत, असा छोटा ट्रेक विकला जातो. सगळा भार झाडीतल्या त्या एका तळावर आला आहे, आणि निकाल बुग्यालांपुरता असल्याने त्या तळाबद्दल त्यात काही नाही.