लो शुगरचा गजर

रक्तातील साखर फार खाली गेली किंवा जाऊ लागली, की मधुमेही व्यक्तीला आणि तिच्या घरच्यांना सावध करणारे, अंगावर वागवायचे उपकरण. साखर उतरवणारे इन्शुलिन बाहेरून घेणाऱ्यांना, त्यातही टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेली मुले आणि एकट्याने राहणारी माणसे यांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. सुरुवातीची उपकरणे मनगटी घड्याळाच्या रूपात होती. आता दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला सेन्सर, फोन आणि काहींच्या बाबतीत इन्शुलिन पंप (शरीरात इन्शुलिन थोडे थोडे सोडत राहणारे यंत्र) मिळून हे काम करतात. या उपकरणांच्या वाटचालीत साखर मोजण्याचा प्रश्न बराचसा सुटला. वाजलेला गजर कोणाला तरी वेळेवर ऐकू जाण्याचा प्रश्न मात्र चिवट निघाला.

शरीराचा स्वतःचा इशारा

ग्लुकोज प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले की शुगर ‘लो’ समजतात. ५४ च्या खाली मेंदूला इंधन कमी पडू लागते आणि उपाय लगेच करावा लागतो. रुग्णाला दुसऱ्या कोणी सावरावे लागले, तर आकडा काहीही असो, ती घटना तीव्र मानली जाते. शुगर उतरू लागली की दरदरून घाम फुटतो, हात कापतात, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते. ती आणखी उतरली की जीभ जड होते, माणूस विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो, पुढे झटके येतात, शुद्ध हरपते. बसमध्ये किंवा रस्त्यावर असे झाले, तर लोकांना दारू प्यायल्याचा संशय येतो आणि मदतीला कोणी पुढे होत नाही.

घाम आणि थरथर हा शरीराने दिलेला इशारा असतो, पण तो कायम टिकत नाही. मधुमेह जुना झाला, किंवा शुगर वरचेवर लो होऊ लागली, की शरीर त्या पातळीला सरावते आणि लक्षणे उशिरा येतात किंवा येतच नाहीत. असा रुग्ण ४५ आकड्यावरही गप्पा मारत बसलेला दिसतो आणि थोड्याच वेळात कोसळतो. रक्तदाबासाठी दिलेल्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम तेवढा येतो. झोपेत तर ही लक्षणे जाणवण्याचा प्रश्नच नसतो. १९९१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी रात्री धडधाकट झोपलेल्या आणि सकाळी अंथरुणातच मृत आढळलेल्या टाइप १ मधुमेही तरुणांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. रात्री उतरलेल्या शुगरवर त्यात संशय होता.

दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिका आणि कॅनडातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. शुगर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी टळते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच चाचणीत काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये तीव्र लो शुगरच्या घटना सुमारे तिप्पट आढळल्या. डॉक्टरांनी सांगितलेले नीट पाळणाऱ्यालाच धोका जास्त, असा हा पेच होता आणि गजराची खरी गरज तिथून वाढली.

घामावर वाजणारे घड्याळ

बाजारात आलेल्या पहिल्या उपकरणांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील टेलेडाइन स्लीप सेंट्री. ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात होते. मनगटावर बांधायच्या या यंत्राला रक्तातील साखर कळत नसे. घामामुळे त्वचेतून वीज वाहण्याचे प्रमाण वाढले किंवा त्वचेचे तापमान उतरले, एवढेच त्याला समजे आणि तेवढ्यावर ते वाजे. कल्पना चुकीची नव्हती. लो शुगरच्या बऱ्याच घटना त्याने पकडल्या, पण पांघरुणात उकडल्यामुळे आलेला घाम आणि शुगर उतरल्याचा घाम यांत त्याला फरक करता येत नसे. मे महिन्यात कोकणात ते रात्रभर वाजत राहिले असते.

यानंतरचे मोठे नाव ग्लुकोवॉच बायोग्राफर. कॅलिफोर्नियातील सिग्नस कंपनीच्या या घड्याळाला २००१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. ते त्वचेतून सौम्य विद्युतप्रवाह सोडी. त्या प्रवाहाबरोबर ओढल्या गेलेल्या द्रवातील ग्लुकोज खालच्या जेलच्या चकतीत जमा होई आणि तिथे मोजले जाई. सुई टोचायची नाही, म्हणून गाजावाजा खूप झाला. प्रत्यक्षात घड्याळ तयार व्हायला दोन-तीन तास लागत, बोट टोचून त्याची जुळणी करावी लागेच आणि मनगटावर लाल चट्टे उठून खाज सुटे. घामात स्वतःचे ग्लुकोज असते, म्हणून घाम आला की हे घड्याळ त्या वेळचे मोजमाप गाळून टाकी. ज्या क्षणी गरज सर्वांत जास्त, त्याच क्षणी ते मौन धरण्याची शक्यता होती. मुलांवरच्या अभ्यासात तीव्र लो शुगरच्या घटना त्याने कमी केल्याचे दिसले नाही आणि काही वर्षांतच ते बाजारातून गेले.

त्वचेखालचा सेन्सर

आजचे गजर ज्यावर उभे आहेत तो सेन्सर केसासारखा बारीक असतो. ॲप्लिकेटर दंडाच्या मागच्या बाजूला टेकवून दाबला की खट् असा आवाज होतो, आतली सुई सेन्सरची तार त्वचेखाली काही मिलिमीटर सोडून मागे फिरते आणि वर दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी चकती चिकटून राहते. तारेवरच्या ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराशी (एन्झाइमशी) पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोजची क्रिया होते, तीतून सूक्ष्म विद्युतप्रवाह मिळतो आणि त्याचा आकडा केला जातो. असा पहिला सेन्सर १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, पण तो रुग्णाला काहीच दाखवत नसे. तीन दिवसांची नोंद डॉक्टर नंतर वाचत. आकडा समोर दिसणारे आणि वाजणारे सेन्सर २००४ ते २००८ या काळात आले. २०१४ मध्ये युरोपात आलेला फ्रीस्टाइल लिब्रे चौदा दिवस चालणारा आणि तुलनेने स्वस्त होता. त्यात गजर नव्हता; तो लिब्रे २ मध्ये २०१८ पासून मिळाला.

सेन्सर मोजतो तो द्रव रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो. शुगर वेगाने उतरत असेल तर सेन्सर ७५ दाखवतो तेव्हा रक्तात ६० असू शकते. त्यामुळे नवी उपकरणे आत्ताच्या आकड्याबरोबर उताराचा वेगही बघतात. डेक्सकॉम कंपनीच्या जी६ या सेन्सरमध्ये वीस मिनिटांत ५५ च्या खाली जाण्याचा अंदाज आला, की आधीच इशारा मिळतो. त्या उपकरणात ५५ चा तातडीचा गजर बंदच करता येत नाही. कंपनीने हे मुद्दाम केले आहे आणि वापरणाऱ्यांपैकी कित्येकांची तीच तक्रारही असते.

ऐकणारा कोण?

अमेरिकेत निरीक्षणाखाली झोपलेल्या मुलांवर गजराची चाचणी झाली, तेव्हा एकदा वाजून गेलेल्या गजराने बहुतेक वेळा मूल जागे होत नसल्याचे दिसले. आई-बाप दुसऱ्या खोलीत झोपलेले असतात आणि सेन्सरचे आकडे दाखवणारा त्या काळचा रिसीव्हर काही मीटरपलीकडे संदेश पोचवत नसे. न्यूयॉर्क राज्यातील सॉफ्टवेअर अभियंता जॉन कॉस्टिक यांच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये टाइप १ मधुमेह झाला. मुलाच्या सेन्सरचे आकडे कामाच्या ठिकाणी बसून दिसावेत म्हणून त्यांनी रिसीव्हरमधील माहिती काढून इंटरनेटवर चढवणारा प्रोग्रॅम लिहिला. इतर पालक आणि अभियंते त्यात सामील झाले आणि त्यातून नाइटस्काउट हा सर्वांना मोफत वापरता येणारा प्रकल्प उभा राहिला.

सिअ‍ॅटलच्या डेना लुइस यांची अडचण आणखी साधी होती. त्या एकट्या राहत, झोप गाढ आणि सेन्सरचा गजर त्यांना जागे करण्याइतका मोठा नव्हता. कॉस्टिक यांच्या प्रोग्रॅमच्या आधाराने त्यांनी आणि स्कॉट लाइब्रँड यांनी २०१३ मध्ये मोठ्या आवाजाची व्यवस्था घरीच बनवली. डेना यांनी दखल घेतली नाही, तर लाइब्रँड यांना दुसरीकडे इशारा जाई. पुढे त्यात शुगरचा अंदाज बांधणारे गणित आले, मग ते इन्शुलिन पंपाला जोडले गेले आणि २०१५ मध्ये ओपनएपीएस या नावाने सर्वांसाठी खुले झाले. मोठ्या आवाजाच्या गरजेतून स्वयंचलित इन्शुलिन व्यवस्था निघावी, हे या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणता येईल.

कंपन्यांनीही २०१५ पासून घरच्यांच्या फोनवर आकडे आणि गजर पाठवण्याची सोय केली. त्यावर पालकांची भिस्त किती बसली, हे नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस कळले. डेक्सकॉमची ही सेवा त्या शनिवार-रविवारी ठप्प झाली. सेन्सर चालू होते, मुलांच्या जवळच्या फोनवर आकडेही येत होते, पण शेजारच्या खोलीतले किंवा दुसऱ्या गावातले आई-वडील गजर वाजला नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजून झोपले होते.

झोपलेल्याला उठवण्यापेक्षा इन्शुलिनच थांबवणारे पंप हा दुसरा मार्ग. २००९ मध्ये आलेला मेडट्रॉनिक कंपनीचा पॅराडाइम व्हीओ हा पंप ठरलेल्या पातळीखाली गजर देई आणि रुग्णाने प्रतिसाद दिला नाही तर इन्शुलिन दोन तासांपर्यंत बंद ठेवी. अशाच पंपाच्या २०१३ मधील अमेरिकी चाचणीत रात्रीच्या लो शुगरच्या घटना सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाल्या. पंपाशिवाय, इंजेक्शनने इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी २०१८ ची जर्मनीतील चाचणी महत्त्वाची आहे. लक्षणे न जाणवणाऱ्या किंवा तीव्र लो शुगर होऊन गेलेल्या रुग्णांमध्ये गजर देणाऱ्या सेन्सरने लो शुगरच्या घटना ७२ टक्क्यांनी घटवल्या.

रोजच्या वापरात

सेन्सर लावलेल्या दंडावरच कुशीवर झोपले की दाबामुळे तिथला द्रव कमी होतो आणि शुगर चांगली असताना रात्री दोनला गजर वाजतो. कूस बदलल्यावर थोड्या वेळात आकडा वर येतो. काही सेन्सरांना व्हिटॅमिन सीचे मोठे डोस चालत नाहीत, काही जुन्यांना पॅरासिटॅमॉल चालत नसे. ब्लूटूथवरचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला आणि माणूस गच्चीवर झोपला तर गजर पोचत नाही. फोन सायलेंटवर ठेवण्याची सवय आणि बॅटरी वाचवण्यासाठी ॲप मागे झोपवणारे फोन यांचीही भर पडते. घाबरलेले घरचे अनेकदा मर्यादा ९० वर लावतात. मग रोज रात्री तीन-चारदा वाजते, आठवड्याभरात सगळे वैतागतात आणि कोणीतरी आवाज बंद करते. त्यापेक्षा ७० किंवा डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा ठेवलेली बरी.

भारतात

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतले बहुतेक टाइप २ चे आहेत आणि त्यांच्यात शुगर लो होते ती मुख्यतः इन्शुलिनमुळे आणि ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लमाइड या वर्गातल्या गोळ्यांमुळे. सकाळची गोळी घेतली आणि एकादशी म्हणून जेवण टाळले, किंवा लग्नघरात पंगत चारपर्यंत लांबली, की घाम फुटायला वेळ लागत नाही. मूत्रपिंड थकलेल्या वृद्धांत हा धोका आणखी वाढतो. भारतात आधी रुळलेल्या लिब्रे आणि लिब्रे प्रो या सेन्सरांना गजर नव्हता. प्रो तर दवाखान्यातच वाचला जातो. दोन आठवड्यांच्या सेन्सरला काही हजार रुपये मोजावे लागत असल्याने वर्षभर तो लावून ठेवणे थोड्यांनाच परवडते. ज्या आजोबांना त्याची गरज सर्वांत जास्त, त्यांच्या दंडावर तो क्वचितच दिसतो.

सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या ऑनलाइन हजार-दोन हजारांत दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अशा कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मंजुरी दिलेली नसल्याचे जाहीर करून ती न वापरण्याचा इशारा दिला.

गजर वाजल्यावर

शुद्धीवर असलेल्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावी. या वेळी सेन्सरचा आकडा मागे असतो, म्हणून बोट टोचून पाहिलेले चांगले. पेढा, लाडू, चॉकलेट यांतल्या तूप-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ते नंतर खावे. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज गोळ्या चालू असतील तर साखर फुटायलाच वेळ लागतो, तिथे ग्लुकोज पावडरच लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून रुग्णालय गाठावे. गोळ्यांमुळे शुगर लो झालेल्या वृद्धाचा आकडा एकदा शंभरावर आला म्हणून त्याला लगेच घरी आणू नये. औषधाचा अंमल उतरेपर्यंत, कधी दुसऱ्या दिवशीही, शुगर पुन्हा खाली जाऊ शकते.