क्रूझ कंपन्यांची चढाओढ व प्रवासीनिष्ठा

सागरी सहली चालवणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्यांची प्रवाशांकडून होणारी तुलना आणि एकाच कंपनीच्या जहाजावर पुन्हापुन्हा परतण्याची प्रवाशाची वृत्ती, या दोन्हींचा विचार या विषयात होतो. ‘निष्ठा’ हा शब्द जहाजधंद्यात दोन अर्थांनी वापरला जातो. प्रवाशाला एखाद्या जहाजाबद्दल वाटणारा लोभ हा पहिला अर्थ. आपल्याकडे बाजारात ज्याला ‘गिऱ्हाईक बांधणे’ म्हणतात, तो दुसरा. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळल्याने या विषयावरील पुष्कळ लेखन संदिग्ध झाले आहे. प्रस्तुत नोंदीत ते शक्यतो वेगळे ठेवले आहेत.

सोलापूर समुद्रापासून दूर आहे. तरीही दुसऱ्या अर्थाच्या निष्ठेच्या इतिहासात या शहराचा संबंध सहसा समजला जातो त्याहून जवळचा आहे. भारतीय जहाजवाहतुकीचे एक प्रवर्तक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचा जन्म सोलापूरचा. त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी हे सोलापूरची ‘जुनी गिरणी’ उभारणाऱ्या मोरारजी गोकुळदास यांचे पुत्र. सोलापुरात वालचंदांचे नाव महाविद्यालयांमुळे रोज घेतले जाते. त्यांचे जहाजधंद्यातील काम मात्र शहराच्या स्मरणात त्या मानाने कमी आहे.

क्रूझचा आरंभ : केवळ सहलीसाठी जहाज पहिल्यांदा कोणी सोडले, याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक हा मान १८३३ मध्ये नेपल्सहून निघालेल्या ‘फ्रान्चेस्को प्रथम’ या आगबोटीला देतात. तिच्यावर निमंत्रित उच्चकुलीन प्रवासी होते आणि भूमध्य समुद्रातील बंदरे पाहणे एवढाच तिचा हेतू होता. इंग्रजी लेखनात सहसा पी अँड ओ या ब्रिटिश जहाज-कंपनीचा दावा पुढे केला जातो. तिच्या संस्थापकांपैकी आर्थर अँडरसन यांनी १८३५ मध्ये शेटलंड बेटांतील आपल्या वर्तमानपत्रात आइसलंडच्या बाजूच्या एका काल्पनिक सहलीची जाहिरात छापली होती. १८४४ मध्ये या कंपनीने साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्राच्या फेऱ्यांची जाहिरात केली आणि प्रसिद्धीसाठी एका नामवंत इंग्रज कादंबरीकाराला फुकट प्रवास दिला. परंतु या फेऱ्या टपालाच्या ठरलेल्या मार्गांवरच जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना क्रूझ म्हणावे की नाही हा प्रश्न उरतो. १८८१ च्या सुमारास पी अँड ओचेच जुने ‘सिलोन’ हे जहाज दुसऱ्या कंपनीने विकत घेऊन सहलीसाठी सजवले. १८८६ पासून स्कॉटलंडच्या लीथ बंदरातून नॉर्वेच्या खाड्यांकडे सहली निघू लागल्या. जर्मन परंपरा मात्र हँबुर्ग–अमेरिका कंपनीच्या ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ला अग्रमान देते. हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी मिळत नसत. तेव्हा जहाज रिकामे उभे ठेवण्याऐवजी कंपनीचे चालक अल्बर्ट बालीन यांनी जानेवारी १८९१ मध्ये ते २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्रात पाठवले. सहलीसाठीच म्हणून मुद्दाम बांधलेले पहिले मोठे जहाज ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुइझे’ १९०० मध्ये पाण्यात उतरले. १९०६ च्या डिसेंबरात ते जमैकाजवळ खडकावर आदळून निकामी झाले.

या दाव्यांमध्ये बालीन यांचा अधिक सयुक्तिक वाटतो. त्यात कारण व्यापारी आहे आणि ते आजच्या धंद्यालाही लागू पडते : जहाज उभे असले तरी खर्च थांबत नाही, म्हणून ते भरलेलेच हवे. प्रवाशाला आपल्याकडे परत आणण्याची कंपन्यांची धडपड याच गरजेतून येते.

लांबणीवरचा परतावा : निष्ठेला पैशाचे रूप प्रथम माल-वाहतुकीत मिळाले. कलकत्त्याच्या मार्गावरील ब्रिटिश कंपन्यांनी १८७५ मध्ये आपसांत दर ठरवणारे मंडळ स्थापले. त्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणत. १८७७ मध्ये मँचेस्टरच्या कापडासाठी या मंडळाने एक योजना आणली. व्यापाऱ्याने ठराविक मुदतीत, बहुधा सहा महिने, आपला सगळा माल मंडळाच्याच जहाजांतून पाठवला, तर भाड्याचा काही भाग, बहुधा दहा टक्के, त्याला परत मिळे. पण तो लगेच मिळत नसे. पुढचे सहा महिनेही त्याने दुसऱ्या कंपनीचे तोंड पाहिले नाही, तरच आधीच्या सहामाहीचा परतावा हाती येई. म्हणजे कोणत्याही दिवशी व्यापाऱ्याची काही रक्कम कंपनीकडे अडकलेली असे. एखादी नवी कंपनी निम्म्या दरात माल न्यायला तयार झाली, तरी तिच्या बोटीवर एक गठ्ठा चढवताच मागची सगळी जमा बुडत असे. योजनेची ताकद सवलतीच्या रकमेपेक्षा या अडकवणुकीत होती, हा मुद्दा पुढील सर्व विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

कापड विलायतेहून आणण्यासाठी ही व्यवस्था बसवली गेली, त्याच सुमारास सोलापुरात मोरारजी गोकुळदास यांच्या गिरणीचा भोंगा वाजू लागला होता. दोन्हींचा थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल. परंतु त्याच घरातील पुढच्या पिढीला या परताव्याशी झुंजावे लागले, हे नोंदले पाहिजे.

या पद्धतीच्या चौकशीसाठी ब्रिटनमध्ये १९०६ साली शाही आयोग नेमला गेला. १९०९ च्या अहवालात बहुमत परताव्याच्या बाजूने पडले : नियमित वेळापत्रक हवे असेल तर कंपन्यांना खात्रीचे गिऱ्हाईक हवे, असा त्याचा आशय होता. अल्पमताने याला मक्तेदारी ठरवले. अमेरिकेने १९१६ च्या कायद्याने असा लांबणीवरचा परतावा बंद केला. भारतीय किनाऱ्यावरच्या अनुभवाकडे पाहता अल्पमताचे म्हणणे अधिक पटते.

स्वदेशी कंपन्या व प्रवासी : माल अडकवून ठेवता येतो, प्रवासी तितका येत नाही. म्हणून प्रवाशांच्या बाबतीत चढाओढ सरळ तिकिटाच्या दरावर येई. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली व ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या बोटी तुतिकोरिन–कोलंबो मार्गावर आणल्या. त्या मार्गावरील ‘ब्रिटिश इंडिया’ या ब्रिटिश जहाज-कंपनीने दर उतरवत नेले. शेवटी फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केल्याचे सांगितले जाते. छत्रीचा भाग आख्यायिका असू शकेल, पण दर पाडले गेले याबद्दल वाद नाही. पुष्कळ प्रवासी तरीही स्वदेशी बोटीनेच गेले. पिळ्ळै यांना १९०८ मध्ये अटक व कठोर शिक्षा झाली, आणि १९११ मध्ये कंपनी मोडीत निघाली. प्रवाशांचा लोभ असूनही कंपनी तगली नाही, हे उदाहरण निष्ठेचा अभ्यास करणाऱ्याने डोळ्यांआड करू नये.

कोकण किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटींना लोक ‘शेपर्ड कंपनी’ म्हणत. तिच्याशी स्पर्धा करणारी सहकारी तत्त्वावरची भारतीय कंपनी लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ झाली. तिच्या बोटींवर ‘तुकाराम’, ‘रामदास’ ही संतांची नावे होती. कंपनीच्या नावात ‘माझी’ हा शब्द प्रवाशांनीच रुजवावा, याहून निष्ठेचा स्पष्ट पुरावा मराठी मुलखात दुसरा सापडणे कठीण.

‘लॉयल्टी’ : सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी २७ मार्च १९१९ रोजी झाली. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास हे तिचे प्रवर्तक. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे पहिले जहाज मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाजाचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजेच निष्ठा. ते नाव या कंपनीने दिलेले नव्हते. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेऊन रुग्णालय-जहाज केले, तेव्हा ब्रिटिश राजसत्तेवरील निष्ठा म्हणून हे नामकरण झाले. तेच जहाज पुढे ब्रिटिश मक्तेदारीला आव्हान देण्यासाठी स्वदेशी कंपनीच्या हाती आले आणि नाव तसेच राहिले. १९२३ मध्ये ते मोडीत काढले गेले.

समोर उभे होते लॉर्ड इंचकेप. १९१४ मध्ये पी अँड ओ व ब्रिटिश इंडिया यांचे एकत्रीकरण झाल्यापासून दोन्ही ताफे त्यांच्याकडे होते. दर पाडणे आणि परतावा रोखणे ही दोन्ही हत्यारे त्यांनी वापरली. १९२३ च्या करारानुसार सिंदियाला किनारी कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळाला, पण जहाजांच्या एकूण टनभारावर व मार्गांवर दहा वर्षांसाठी मर्यादा आल्या. काहींच्या मते ही शरणागती होती, काहींच्या मते तगून राहण्याचा एकमेव मार्ग. तुतिकोरिनचा अनुभव समोर असता दुसरे मत स्वीकारण्याकडे कल होतो. १९३७ च्या सुमारास सिंदियाने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीत ‘अल मदिना’ जहाज आणले, तेव्हा त्या वाहतुकीतील जुन्या मोगल लाइन कंपनीशी पुन्हा तिकिटांचे दरयुद्ध पेटले.

आधुनिक कंपन्या : विमानांनी लांब पल्ल्याचा प्रवासी नेल्यावर जहाजे सहलीकडे वळली. नॉर्वेजियन कॅरिबियन (१९६६), रॉयल कॅरिबियन (१९६८) व कार्निव्हल (१९७२) या कंपन्या मायामीच्या परिसरात वाढल्या. कार्निव्हलचे पहिले जहाज ‘मार्डी ग्रा’ हेही मूळचे कॅनेडियन पॅसिफिकचेच, ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’. पहिल्याच फेरीत ते मायामीजवळ वाळूत रुतले. पुढे कार्निव्हलने हॉलंड अमेरिका, कोस्टा, क्यूनार्ड घेतल्या, आणि २००३ मध्ये पी अँड ओ प्रिन्सेसशी एकत्रीकरण केले. त्या व्यवहारात आधी रॉयल कॅरिबियन पुढे होती. अशा खरेदी-एकत्रीकरणांमुळे प्रवासी ज्यांना प्रतिस्पर्धी समजून ताडून पाहतो, अशी पुष्कळ नावे एकाच मालकाची असतात.

तुलना बहुधा जेवण, खोली, करमणूक व दर यांवर होते. मोजता येण्याजोगे एक माप म्हणजे दर प्रवाशामागे मिळणारी जागा : जहाजाचा ढोबळ टनभार भागिले प्रवासीसंख्या. ढोबळ टनभार हे वजनाचे नसून बंदिस्त जागेच्या आकारमानाचे माप आहे, ही गोष्ट मराठी बातम्यांत वारंवार चुकते. प्रवासीसंख्या दर खोलीत दोघे धरून घेतात. क्यूनार्डच्या ‘क्वीन मेरी २’ साठी हा आकडा सुमारे ५५ येतो, रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’साठी सुमारे ४४, तर मुंबईहून जाणाऱ्या, कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या ‘एम्प्रेस’साठी ३० च्या आसपास. तिसरी-चौथी खाट भरली की प्रत्यक्ष आकडा आणखी उतरतो. शाळेच्या सुट्टीत प्रवास करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

निष्ठायोजनांत पायऱ्या असतात. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत दर रात्रीमागे एक गुण, मोठ्या स्वीटला (प्रशस्त, महागड्या खोलीला) दुप्पट. ८० गुणांना डायमंड, ७०० ला पिनॅकल. सात रात्रींच्या सहली धरल्या, तर शेवटच्या पायरीसाठी शंभर सहली होतात. या योजनांचे मूळ विमान कंपन्यांच्या १९८० च्या आसपासच्या मैल-योजनांत आहे, असा सर्वसाधारण समज आहे. बाह्य रूप तसे आहे खरे. परंतु आतली रचना पाहिली तर जुन्या परताव्याशी साम्य अधिक जाणवते : मिळकत साठत जाते, ती कंपनीच्या वहीत राहते, आणि दुसरीकडे गेल्यास ती वापरता येत नाही. एमएससी कंपनी दुसरीकडचा दर्जा पाहून आपल्याकडे त्याजोगा दर्जा देऊ करते. अडकवणूक सोडवण्याचाच हा उपाय आहे. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केले, की जून २०२६ पासून दर्जा रात्रींऐवजी खर्चावर ठरेल व ठराविक मुदतीपुरताच टिकेल. वर्षानुवर्षे रात्री साठवलेल्या सामान्य प्रवाशांवर यात अन्याय होतो, असे म्हणणे भाग आहे.

ॲलन डिक व कुणाल बसू या ग्राहकनिष्ठेच्या अभ्यासकांनी १९९४ मध्ये निष्ठेचे चार प्रकार मांडले. मनात ओढ आणि वागण्यात सातत्य ही खरी. सातत्य आहे पण ओढ नाही, ती आभासी. ओढ आहे पण परतणे जमत नाही, ती सुप्त. चौथ्या प्रकारात दोन्हींचा अभाव. गुणांची पायरी गाठण्यासाठी केलेली सहल दुसऱ्या प्रकारात मोडते.

सोलापूरच्या प्रवाशांची निष्ठा बहुधा तिसऱ्या प्रकारातली म्हणावी लागेल. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने किंवा २०२३ पासून वंदे भारतने मुंबई गाठायची आणि तेथे जहाजावर चढायचे, असा क्रम असतो. निवड करताना शाकाहारी व जैन जेवणाची सोय आधी विचारली जाते आणि जहाजाचे नाव मागाहून. ओळखीची सहल-कंपनी ज्या जहाजावर नेईल ते आपले, अशी पद्धत असल्याने लोभ जहाजापेक्षा सहल नेणाऱ्यावर जडतो. भारतीय कंपन्याही फार काळ टिकल्या नाहीत. २०१९ मध्ये सुरू झालेली जलेश क्रूझेस २०२० मध्येच बंद पडली. २०२१ पासून चालणाऱ्या कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे १९९० साली रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून आले होते. तेव्हा तिच्यावर काढलेल्या रात्री रॉयल कॅरिबियनच्या वहीत जमा आहेत. त्याच जहाजाच्या त्याच खोलीत सोलापूरच्या कुटुंबाने आता काढलेल्या रात्री त्या वहीत चढत नाहीत.