‘मॅचिंग नंबर’ म्हणजे नेमके कोणते नंबर जुळलेले?

जुन्या मसल कारच्या, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या अमेरिकी गाडीच्या, जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर’ हे दोन शब्द आले, म्हणजे इंजिन मूळचं याच गाडीचं असल्याचा दावा आला, की किंमत चढते. आधी मालक ते वापरतो, मग दलाल, मग लिलाववाला, आणि दर हातागणिक अर्थ सैल होत जातो. हा घोळ उलगडायचा तर नंबर मुळात कशासाठी ठोकले जात होते, तिथपर्यंत मागे जावं लागतं. पन्नास वर्षांनी कुणाला गाडीचं कुळ लावता यावं म्हणून तर ते नक्कीच नव्हते.

घोळाचं मूळ एका पळवाटेत आहे. १९६४ च्या मॉडेल्सच्या वेळी जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांना ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन लावायला मनाई केली होती. तिच्याच पाँटिॲक या ब्रँडच्या मंडळींनी जीटीओ ही वेगळी गाडी म्हणून काढलीच नाही. ल मान्स या मॉडेलवर घेता येणारं एक ऑप्शन पॅकेज म्हणून ती २९५ डॉलरच्या आसपास विकली आणि त्यात ३८९ घनइंची इंजिन बसवलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. पण ऑप्शन म्हणजे गाडीच्या नंबरात, म्हणजे कारखान्याने तिला दिलेल्या ओळख क्रमांकात, न दिसणारी गोष्ट. १९६६ मध्ये जीटीओला स्वतःची मालिका मिळाली, आणि तिथून पुढे नंबर पाहून ती ओळखता येते. जनरल मोटर्सच्याच शेव्हरलेचा प्रवास नेमका उलटा झाला. १९६६ ते ६८ ची शेव्हेल एसएस ३९६ (एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’, शेव्हेलची ताकदवान आवृत्ती) ही १३८ ने सुरू होणारी वेगळी मालिका होती, आणि १९६९ पासून एसएस हे ऑप्शन झालं. म्हणून १९७० ची ४५० अश्वशक्तीची, ४५४ घनइंची एलएस६ शेव्हेल आणि त्याच वर्षीची छोट्या व्ही-८ ची साधी शेव्हेल मालिबू कूपे, दोघींचे नंबर १३६३७ नेच सुरू होतात. शेव्हरलेच्या नंबरात पाचव्या जागी इंजिनाचं अक्षर आलं ते १९७२ मध्ये, तोवर रंगत संपत आली होती. क्रायस्लरचे ग्राहक याबाबतीत सुखी. त्यांच्या १९७० च्या ’कुडा या गाडीच्या नंबरात पाचव्या जागी ‘आर’ असेल तर ती ४२६ घनइंची ‘हेमी’ इंजिन घेऊनच कारखान्यातून निघाली, वाद संपला. वाद आहे तो मुख्यतः शेव्हरलेवाल्यांचा, आणि पुढचा बहुतेक इतिहास त्यांचाच आहे.

इंजिनावरचे ठसे ही वेगळी भानगड. शेव्हरलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या भागाच्या) समोर, एक छोटा सपाट पट्टा, म्हणजे ‘पॅड’, असतो. त्यावर ‘V0325DZ’सारखं काहीतरी ठोकलेलं असतं: व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, २५ मार्चला जुळणी, डीझेड म्हणजे १९६९ च्या कमॅरो झेड/२८ या गाडीचं ३०२ घनइंची इंजिन. हा ठसा जुळणी करणाऱ्या कामगारासाठी, कोणतं इंजिन कोणत्या गाडीत टाकायचं एवढं कळावं म्हणून. त्याच्या शेजारी गाडीच्या नंबराचा शेवटचा तुकडा, तो चोरीला आळा बसावा म्हणून. शिवाय बिडाच्या ओतकामातच उमटलेले कास्टिंग नंबर आणि ओतल्याची तारीख. आपल्याकडे आरटीओत चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसाच या पट्ट्याचा छाप आज हजारो डॉलरच्या व्यवहाराआधी घेतला जातो.

पण गंमत अशी, की हा पट्टा आणि हेड बसतं तो पृष्ठभाग एकाच पातळीत असतात. सत्तरच्या दशकात या गाड्या सेकंडहँड बाजारात कवडीमोल झाल्या होत्या. विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे कायदे, १९७३ ची तेलटंचाई, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोरं त्या शर्यतीत पळवायची, इंजिनं फोडायची. इंजिन दुरुस्तीला गेलं की मशीन शॉपवाला ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाचा, वरचा पृष्ठभाग घासून सपाट करायचा, आणि त्याबरोबर ठसाही जायचा. कुणाची लबाडी नाही, कुणाला हळहळही नाही. आज ज्या ‘कोऱ्या’ पॅडकडे संशयाने पाहिलं जातं, त्यातल्या कित्येकांमागे असा एखादा निष्पाप मशीन शॉपवाला आहे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात किमती उसळल्या आणि नंबर अचानक वंशावळ झाले. शब्दाचे अर्थ तिथून फाटले. कडवा अर्थ असा, की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींवर याच गाडीच्या नंबराचा तुकडा हवा. सैल अर्थ असा, की कास्टिंग नंबर योग्य आणि तारखा गाडी बनण्याच्या थोड्या आधीच्या हव्यात. म्हणजे त्या जातीचं, त्या वेळचं इंजिन, याच गाडीचं असेलच असं नाही. विक्रेत्याचा तिसरा अर्थ तर कशालाही ताणता येतो. फोर्डवाल्यांची याहून पंचाईत. १९६८ च्या आधीच्या बहुतेक साध्या मस्टँगच्या ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकलेलाच नसे. न ठोकलेला नंबर जुळणार कसा? तरी जाहिरातीत तो जुळतो.

सर्वात मोठी शोकांतिका मला ‘सीई’ ब्लॉकची वाटते. वॉरंटीत इंजिन गेलं तर जनरल मोटर्स नवीन ब्लॉक द्यायची, त्यावर सीई आणि वर्षाचा आकडा ठोकलेला असे. गाडी तीच, पहिला मालक तोच, बदल कंपनीनेच केलेला आणि कागदही जपलेला. तरी कडव्या अर्थाने ही गाडी ‘नॉन मॅचिंग’, आणि भंगारातला ब्लॉक आणून, घासून, त्यावर नवा ठसा मारलेली गाडी कागदावर ‘मॅचिंग’. सातबाऱ्यावर प्रामाणिक फेरफार नोंदवणाऱ्याचं नुकसान व्हावं आणि खाडाखोड करणाऱ्याचा फायदा, तसंच हे.

नव्याने ठसा मारणं, म्हणजे ‘रीस्टँप’, यावरून जे रण माजलं ते अजून शमलेलं नाही. एक बाजू म्हणते, रंग नवा चालतो, सीट नवी चालते, क्रोम नवं चालतं, मग ठशालाच सोवळं कशाला? गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसावी हेच पुनरुज्जीवन. शेव्हरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या काही जुन्या परीक्षण मंडळींना हा युक्तिवाद पटतो, कारण तिथे गुण मिळतात ते कारखान्याच्या रूपाशी असलेल्या साम्याला. दुसरी बाजू म्हणते, रंग काही दावा करत नाही, नंबर करतो. मी दुसऱ्या बाजूचा, हे लपवत नाही. रीस्टँप करून तसं उघड सांगणाऱ्याशी माझं भांडण नाही, पण दोन मालकांनंतर ते कोण सांगणार?

या भांडणातून तपासणीचं एक शास्त्रच उभं राहिलं. कारखान्यात ब्लॉकचा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या यंत्राने कापला जाई, त्याच्या बारीक समांतर रेघा पुढून मागे जातात. घासलेल्या पॅडवर त्या नसतात, किंवा खोट्या काढलेल्या असतात. झिजलेल्या ब्रोचचे ओरखडे त्याच सुमाराच्या दुसऱ्या ब्लॉकवरही उतरतात, म्हणून जाणकारांनी अशा पॅडचे फोटो साठवून शेजाऱ्याशी शेजारी ताडून पाहायला सुरुवात केली. अक्षरांचे साचे, ठोक्याची खोली, तिरपेपणा, सगळं तपासलं जातं. साच्याच्या अक्षरांची नक्कल करणारे पंच बाजारात आले, मग खोट्या रेघाही आल्या. नक्कलकार आणि तपासनीस गेली तीस वर्षं एकमेकांकडूनच शिकत आले आहेत.

नंबर बोलत नसतील तर कागद बोलतात. शेव्हेलची बिल्ड शीट, म्हणजे जुळणीच्या वेळी गाडीत काय काय बसवायचं याचा कागद, पेट्रोलच्या टाकीच्या वर सापडते, क्रायस्लरची मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, उंदरांनी शिल्लक ठेवली असेल तर. ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्याने डिसेंबर १९६८ च्या सुमारास कमॅरोच्या पुढच्या पत्र्यावरच्या ट्रिम टॅगवर, म्हणजे रंग-सीटचा तपशील असलेल्या धातूच्या पट्टीवर, एक्स-कोड टाकायला सुरुवात केली. एक्स३३ किंवा एक्स७७ दिसलं की झेड/२८. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या कारखान्याने ते कधी टाकलेच नाहीत, त्यामुळे तिथल्या खऱ्या झेड/२८ ना आजही जास्त पुरावे द्यावे लागतात. आणि टॅग तर नवे करून मिळतात.

२००० नंतर लिलाव टीव्हीवर थेट दिसू लागले आणि पैसा बेसुमार वाढला. २०१४ मध्ये १९७१ ची एक हेमी ’कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. तशा फक्त ११ बनल्या होत्या. याच काळात १९६९ च्या कमॅरोचा नवाकोरा संपूर्ण सांगाडा बाजारात मिळू लागला. गंजून गेलेल्या गाडीची नंबरपट्टी (कारखान्याने रिव्हेटने बसवलेली ओळख क्रमांकाची पट्टी, नोंदणीची पाटी नव्हे) काढायची, नव्या सांगाड्यावर किंवा दुसऱ्या साध्या गाडीवर बसवायची, याला ‘रीबॉडी’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो चोरीच्या गाड्यांशी जोडलेला गुन्हा ठरू शकतो. म्हणूनच जाणकार खरेदीदार जनरल मोटर्सच्या पट्टीचे फुलाच्या आकाराचे रिव्हेट आणि हीटरमागे लपलेला अर्धा नंबर आधी पाहतो, रंग मागाहून.

याच कायद्याने कॅन्ससमध्ये एकाला पकडीत घेतलं. त्याने २०१६ मध्ये इंडियानातून १९५९ ची सजवलेली कॉर्व्हेट घेतली. (कॉर्व्हेटला मसल कार म्हणायचं की नाही, हा वाद इथे नको.) नोंदणीच्या तपासणीत दिसलं, की रंगकामात नंबरपट्टी काढून पुन्हा बसवली होती आणि रिव्हेट वेगळे होते. नंबर खरा, गाडी खरी, चोरीचा आरोपही नाही. तरी राज्याच्या कायद्याप्रमाणे अशी गाडी जप्त करून नष्ट करायची. खटला वर्षानुवर्षं चालला आणि गाडी पोलिसांच्या आवारात उभी राहिली. अखेर २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला, जुन्या गाडीच्या डागडुजीसाठी पट्टी काढून परत लावली तर तो गुन्हा धरू नये असा. शहाणा गॅरेजवाला आता पट्टी काढण्याआधी, काढताना आणि परत ठोकताना फोटो घेतो, आणि जुने रिव्हेट एका पाकिटात घालून मालकाच्या हातात देतो.