केलॉइड आणि लेझर: कापण्यापासून भोकं पाडण्यापर्यंत

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत त्वचेच्या दवाखान्याबाहेर लेझरची पाटी नसेल तर आता चुकल्यासारखं वाटतं. कान टोचल्यावर पाळीला आलेली गाठ असो, बायपासच्या टाक्यांवर वाढलेलं मांस असो की खांद्यावरच्या मुरुमाच्या जागी उठलेला चामट पट्टा, 'लेझर मारून द्या न जी, एकदाचं मोकळं होऊ' ही मागणी ठरलेली. तिच्यातलं 'एकदाचं' कुठून आलं हे समजायला १९८०च्या दशकात जावं लागतं. त्याआधीचं थोडक्यात सांगून टाकतो.

जखमेच्या जागी वाढत जाणाऱ्या अशा गाठींची वर्णनं प्राचीन इजिप्तमधल्या शस्त्रक्रियेच्या पपायरसात, म्हणजे जुन्या हस्तलिखितात, सापडतात. 'केलॉइड' हे आजचं नाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने दिलं. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात क्ष-किरण देऊन पाहिले गेले आणि १९६०च्या दशकात ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन थेट गाठीत देणं रूढ झालं. आजही सुरुवात बहुधा तिथूनच होते. नुसती कापून काढलेली गाठ मात्र परत येते. वेगवेगळ्या अहवालांत हे प्रमाण ४५ ते १०० टक्के इतकं सांगितलं आहे, आणि सुरीवरचा विश्वास उडायला तेवढं पुरेसं होतं.

कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. तो बनवणारा अभियंता जन्माने बारामतीचा, शिक्षणाने पुण्याचा. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच प्रयोगशाळेत त्याच वर्षी निओडिमियम-यॅग लेझरही निघाला. केलॉइडच्या कामी ही दोन्ही यंत्रं यायला पुढची वीसेक वर्षं गेली.

कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो पाण्यात शोषला जातो, आणि शरीरातल्या मांसात बहुतेक पाणीच असल्यामुळे किरण पडेल तिथलं मांस क्षणात वाफ होऊन जातं. बारीक रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात, रक्त जवळजवळ येत नाही. सर्जनना हे आवडणं साहजिक होतं. त्यावरूनच पुढचा तर्क बांधला गेला: आजूबाजूच्या पेशींना इजा कमी, म्हणून जखम कमी आकसेल, आणि कमी आकसली तर वणही मर्यादेत राहील. म्हणजे सुरीने कापलेला केलॉइड परत येतो, लेझरने कापलेला येणार नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कानाच्या पाळीवरच्या गाठींचे आशादायक निकाल छापून आले आणि केलॉइड लेझरने कापायचा, हा निर्णय बऱ्याच ठिकाणी होऊन गेला.

हा निर्णय मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. घाईचा मात्र होता. रुग्ण मोजके होते. त्यात कानाची पाळी ही मुळातच बऱ्यापैकी साथ देणारी जागा, छाती आणि खांद्यासारखी हट्टी नव्हे. शिवाय केलॉइड परतायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. सहा महिन्यांनी फोटो काढला तर कुठलाही उपचार यशस्वीच दिसेल. रुग्णांकडे जास्त काळ लक्ष ठेवलं गेलं तेव्हा चित्र पालटलं. १९८९ साली या पद्धतीवर छापून आलेल्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'अपयश' हा शब्द होता, आणि नंतरच्या अहवालांचा सूरही तोच राहिला. कारण आता उघड वाटतं. ज्या त्वचेला केलॉइडची प्रवृत्ती आहे तिला जखम सुरीने झाली की प्रकाशाने, याच्याशी देणंघेणं नसतं. आतला थर दुखावला की कोलाजेन, म्हणजे वणाचे तंतू बनवणारं प्रथिन, तयार करणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि थांबत नाहीत.

दुसरा गुंता याहून जुना आहे आणि अजून सुटलेला नाही. जखमेच्या हद्दीत राहूनच उंचावणारा वण म्हणजे हायपरट्रॉफिक वण. तो काही आठवड्यांत उठतो आणि पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपणहून बसतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत पसरतो तो केलॉइड. तो आपणहून बसण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. ही विभागणी १९६०च्या दशकातली. पण लेझरच्या कितीतरी अभ्यासांत दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच टोपलीत घातले गेले. आपोआप बसणारे वण त्यात मिसळले की यशाची टक्केवारी फुगते आणि ते श्रेय यंत्राच्या खात्यात जमा होतं. घरी आपण दोन्हींना 'मांस वाढलं' असंच म्हणतो, त्यामुळे 'आमच्या वहिनीचं तर गेलं' ही माहितीसुद्धा तितकीच बेभरवशाची. दवाखान्यातले आधीचे-नंतरचे फोटो बघताना हा एक प्रश्न विचारायलाच हवा: मूळ वण यातला कोणता होता?

कापण्याचा नाद ओसरत होता तेव्हा दुसरी वाट तयार झालेली होती. ठरावीक रंगाचा प्रकाश मोजक्या वेळापुरता सोडला तर त्वचेतलं हवं तेवढंच लक्ष्य तापवता येतं, हा सिद्धान्त १९८३ साली मांडला गेला. त्यातून आलेला ५८५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर मुळात जन्मखुणांच्या लाल डागांसाठी होता, १९९०च्या दशकात तो वणांवर वापरला जाऊ लागला. तो गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतो. लाली आणि खाज कमी होते. जाड गाठ मात्र त्याने सपाट होत नाही.

आपल्या रंगाच्या त्वचेत आणखी एक अडचण येते. हा प्रकाश मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्यही शोषून घेतं, त्यामुळे सावळ्या त्वचेवर भाजणं, काळे किंवा पांढरे डाग पडणं हा धोका वाढतो. केलॉइडचं प्रमाण सावळ्या-काळ्या त्वचेत जास्त आणि यंत्राची सुरुवातीची पारख मुख्यतः गोऱ्या त्वचेवर, असा हा उलटा प्रकार. १०६४ नॅनोमीटरच्या निओडिमियम-यॅगला मेलॅनिनचा अडथळा कमी होतो आणि तो खोलवर जातो, म्हणून पुढे त्याच्याकडे लक्ष वळलं. तरी विदर्भातल्या उन्हाचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे असताना नुकताच लेझर झालेला कान किंवा गळा उन्हात नेणं म्हणजे डागाला आमंत्रण. लग्न तोंडावर आलेलं असतं आणि लग्नं नेमकी उन्हाळ्यातली, ही इथली खास पंचाईत.

२००४ साली फ्रॅक्शनल लेझरची कल्पना आली. सगळा पृष्ठभाग न जाळता धिरड्याला पडते तशी बारीक जाळी पाडायची, मधली त्वचा शाबूत ठेवायची. काही वर्षांतच कार्बन डायऑक्साइड लेझर या नव्या रूपात परतला, आणि त्या भोकांतून ट्रायअ‍ॅम्सिनोलोन आत मुरवण्याचे प्रयोग सुरू झाले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं कामाचं वळण हेच. औषध गाठ बसवतं आणि लेझर त्याला आत शिरायला वाट करून देतो. गाठ कापून काढलीच तर त्यानंतर इंजेक्शनं, किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणारा किरणोपचार जोडला जातो. लहान मुलांत किरणोपचार शक्यतो टाळतात.

याच काळात एक जुना नियमही सैलावला. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतलेल्यांना डर्माब्रेजन (त्वचा यंत्राने घासून सपाट करणं) आणि आर्गॉन लेझरनंतर केलॉइड झाल्याचे तुरळक अहवाल १९८०च्या दशकात आले होते. त्यावरून गोळ्या बंद केल्यावर सहा महिने थांबण्याचा दंडक पडला. २०१७ साली तज्ज्ञांच्या गटांनी पुरावा तपासला आणि फ्रॅक्शनल लेझरसह अनेक उपचारांसाठी इतकं थांबण्याची गरज नसल्याचं सांगितलं.

इंजेक्शनं साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, कित्येक महिने घ्यावी लागतात. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून नागपूरला येणाऱ्या माणसाची दर खेपेला एका दिवसाची मजुरी आणि बसभाडं जातं. त्याला 'एकदाच या, कापून टाकू' हे पटतं, आणि तसं सांगणाराही भेटतो. त्यात विमा कंपन्यांच्या नियमात सौंदर्यासाठीचे उपचार वगळलेले आहेत. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट आहे. स्टोव्हच्या भडक्यानंतरच्या गाठीसाठी निदान दावा तरी करता येतो. कान टोचून आलेल्या गाठीचा खर्च, ती रात्रभर खाजत आणि ठणकत असली तरी, बहुधा खिशातूनच करावा लागतो.