रोख मदत दारूत जाते का?

गरिबाच्या हाती रोख पैसे दिले की ते दारू-तंबाखूत उडतात, असं बिनदिक्कत म्हटलं जातं. हे समज म्हणून सोडून द्यायची गरज नाही. ते मोजता येतं आणि मोजलंही गेलंय. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या संशोधकांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातले रोख मदतीवरचे १९ अभ्यास एकत्र तपासले. व्यसनावरचा खर्च वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. उलट सरासरीने तो किंचित कमीच झाला.

पण विचारल्यावर लोक खरं सांगतात का? ही शंका रास्त आहे. त्यासाठी संशोधक एक युक्ती वापरतात. गावातल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला चार साधी विधानं वाचून दाखवायची, दुसऱ्याला तीच चार आणि पाचवं ‘या आठवड्यात मी दारू प्यायलो’. कोणती खरी ते सांगायचं नाही, फक्त किती खरी तेवढा आकडा सांगायचा. समजा पहिल्या गटाची सरासरी २.१० आली आणि दुसऱ्याची २.२५, तर वरचा ०.१५ पाचव्या विधानामुळेच आला, म्हणजे पिणारे साधारण १५ टक्के. कुणा एकाचं गुपित फुटत नाही, त्यामुळे लपवायचं कारण उरत नाही. मात्र गट लहान असले की हा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून माणसं भरपूर लागतात.

पैसे जातात कुठे, हे पश्चिम केनियातल्या रारिएदा भागात बारकाईने पाहिलं गेलं. ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने तिथे गवती छपराच्या घरांतून सोडतीने कुटुंबं निवडली आणि एम-पेसा या मोबाइल सेवेने पैसे पाठवले. काहींना एकरकमी, काहींना नऊ मासिक हप्त्यांत. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला; निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अन्नावरचा खर्च वाढला, गुरं आली, छपरावर पत्रे चढले. दारू-तंबाखूत लक्षणीय वाढ नाही. पत्रे ही काही चैन नव्हे: गवती छप्पर पुन्हापुन्हा शाकारावं लागतं, तो खर्च वाचतो.

हप्तेवाल्यांच्या घरी जेवणाची ददात कमी झाली, एकरकमीवाल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. म्हणजे खर्चाचं वळण बरंचसं पैसे कसे दिले यावर ठरतं, आणि आपण ते माणसाच्या स्वभावावर ढकलतो. सेरेना हॅगर्टी आणि केट बराझ या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की तीच खरेदी कमी उत्पन्नाच्या माणसाने केली तर लोक ती जास्त बेजबाबदार मानतात. वस्तू तीच, फक्त घेणारा गरीब. हा अन्याय आहे, आणि योजनांच्या अटी ठरवतानाही तो डोकावतो.

महाराष्ट्रात २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये खात्यावर येतात. एवढी रक्कम किराणा, औषधं, वह्या-पुस्तकं यांत जाणार हे उघड आहे. त्यातून शिलाई मशीन का घेतलं नाही, असं विचारणं चुकीचं. ते हवं असेल तर पैसे एकगठ्ठा हाती यायला हवेत. दहा जणींनी मिळून भिशी लावली, तर दर महिन्याला एकीच्या हाती १५,००० रुपये येतात. फक्त एखादा हप्ता खात्यावर उशिरा पडला की त्या महिन्याची भिशी अडते.