रशमोरवरचा तो पाठलाग खरा कुठे झाला?

‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या हॉलिवूड सिनेमाच्या (१९५९) शेवटी निरपराध, फरारी नायक माउंट रशमोर या, चार अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे भव्य चेहरे कोरलेल्या डोंगरावरून जीव मुठीत धरून उतरतो. ते चित्रीकरण खऱ्या डोंगरावर झालं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

तसं झालेलं नाही. साउथ डकोटातल्या या राष्ट्रीय स्मारकावर पाठलाग, मारामारी चित्रित करायला परवानगी नव्हती. पायथ्याशी पर्यटकांच्या जागेतली काही दृश्यं मात्र खरी आहेत, आणि गैरसमज बहुधा तिथूनच होतो: आधी खरा डोंगर दिसला की पुढचाही खराच वाटतो. उतरण्याच्या दृश्यांसाठी कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत खडकांचे सेट उभारले आणि मागे भलेमोठे रंगवलेले पडदे लावले. माझ्या मते ही कारागिरी खऱ्या चढाईपेक्षा जास्त कौतुकाची आहे.

पडताळायचं असेल तर खलनायकाचं घर बघा. सिनेमात ते डोंगरमाथ्यावर आहे, जवळच विमानाची धावपट्टी. आता उपग्रह नकाशा उघडा. त्या चेहऱ्यांमागे ग्रॅनाइटचे सुळके आणि झाडी दिसेल. ना घर, ना धावपट्टी. घरही सेट आणि चित्रांच्या जोडणीतून तयार झालं होतं.

विमान नायकाच्या मागे लागतं ते माळरानही कथेत इंडियानातलं असलं, तरी चित्रीकरण कॅलिफोर्नियातलं.