जपानी काठाच्या डेनिमची पार्श्वभूमी : वऱ्हाडी कापूस, धोट्याचा माग आणि निळीचा रंग

जपानी काठाच्या (सेल्व्हेज, म्हणजे विणतानाच कडा बंद झालेल्या) डेनिमची जीन्स आवडीने वापरणारे लोक तिची तुलना तीन गोष्टींवरून करतात : कापडाचा दर्जा, अंगावर बसणारे माप आणि वापराने उतरत जाणारा रंग. हिंगणघाट, वणी किंवा दर्यापूर यांसारख्या कापसाच्या गावांतील तरुणही आता मोबाइलवर अशा पँटींची छायाचित्रे पाहतात आणि पायाची दुमड उलटल्यावर दिसणाऱ्या लाल धाग्याच्या काठावरून कापड अस्सल आहे की नाही हे ठरवू पाहतात. हा काठ कुठून आला, तो जपानमध्ये का टिकला आणि त्यावरून नेमके काय सिद्ध होते, हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. माझे मत आधीच नोंदवतो. काठ हा मागाचा पुरावा आहे. दर्जाचा पुरावा त्याच्या आधी, सुतात आणि रुईत शोधावा लागतो, आणि ती परीक्षा विदर्भातील वाचकाला मुळीच परकी नाही.

धोट्याच्या (आडवा धागा वाहून नेणाऱ्या साधनाच्या) मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा न तुटता एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो आणि वळून परत येतो, त्यामुळे कापडाच्या दोन्ही कडा आपोआप बंद होतात. पवनीच्या किंवा नागपूरच्या कोष्ट्याने विणलेल्या लुगड्यालाही असा बंद काठ असतोच. डेनिमच्या बाबतीत हा माग यंत्रावर चालणारा आणि अरुंद, म्हणजे साधारण 30 इंच पन्ह्याचा असे. एका पँटीला जवळपास तीन यार्ड कापड लागे आणि बंद कडा बाहेरच्या शिवणीत वापरली जाई. पुढे धोटा नसलेले, दुप्पट पन्ह्याचे आणि कितीतरी वेगवान माग आले. त्यांवर बाण्याचा धागा प्रत्येक फेरीला कापला जातो आणि कडा ओव्हरलॉक करावी लागते. 1980च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी अरुंद कापड जवळजवळ सोडून दिले. उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे कोन मिल्सची व्हाइट ओक गिरणी 1905 पासून चालू होती. तिने ड्रेपर या अमेरिकी बनावटीचे जुने धोट्याचे माग शेवटपर्यंत जपले, परंतु 2017च्या डिसेंबरअखेर तीही बंद झाली.

जपानने अमेरिकेचे हेच जुने माग विकत घेतले, ही समजूत हौशी मंडळींत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. जपानी काठाचे डेनिम मुख्यतः जपानी मागांवर विणले जाते. साकिची तोयोदा यांनी 1924 मध्ये पूर्ण केलेला 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग वेग न थांबवता धोटा बदलू शकत असे, आणि 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. यंत्रविद्येत इंग्लंडलाच यंत्र शिकवणारा देश आपले माग परक्यांकडून आणील, हे मुळातच न पटणारे आहे.

या इतिहासात आपला प्रदेश फार जवळून गुंतलेला आहे, म्हणून इथे जरा थांबणे आवश्यक आहे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 दरम्यान, येथील कापसाला अभूतपूर्व भाव मिळाला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि 1870 मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. देशी वाणांत लांब धाग्याचा मानला जाणारा हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्याच नावाने विकला जाई. जमशेटजी टाटा यांनी कापसाच्या मुलखातच गिरणी हवी, या विचाराने 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. सूत कातण्याची रिंग फ्रेम ही त्या काळी नवी असलेली यंत्रणा भारतात प्रथम स्वीकारणाऱ्या गिरण्यांत एम्प्रेसची गणना होते.

जपानी गिरण्यांनीही त्याच सुमारास रिंग फ्रेम उचलली, आणि तिच्या जोडीला त्यांनी मिश्रणाची कला विकसित केली : स्वस्त, आखूड धाग्याचा हिंदुस्थानी कापूस आणि लांब धाग्याचा अमेरिकी कापूस योग्य प्रमाणात मिसळून जाड पण टिकाऊ सूत काढायचे. 1893 मध्ये निप्पोन युसेन कंपनीने टाटांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे अशी जहाजांची वाट सुरू केली ती प्रामुख्याने या कापसासाठीच. पुढची चाळीस वर्षे जपान हा हिंदुस्थानी रुईचा मोठा गिऱ्हाईक राहिला. हे नाते किती खोल होते ते 1933 मध्ये दिसले. जपानी कापडावरील आयात कर सरकारने वाढवताच जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला, आणि त्याचा फटका थेट कापूस पिकवणाऱ्याला बसला. 1934च्या करारात अखेर वर्षाला 15 लाख गाठींच्या खरेदीवर 40 कोटी यार्ड कापडाच्या आयातीची कमाल मर्यादा ठरली. जाड सूत उत्तम कसे काढावे हे जपान ज्या रुईवर शिकला, तिच्यात आपल्या पऱ्हाटीची रुई होती, ही गोष्ट जीन्सच्या चर्चेत कुणी सांगत नाही आणि मला ती सांगाविशी वाटते.

ओकायामा प्रांतातील कोजिमा हे जपानी जीन्सचे माहेर समजले जाते. समुद्र हटवून मिळवलेल्या खारट जमिनीत भात नीट येत नसे, म्हणून तेथे कापूस लावला गेला, त्यातून विणकाम वाढले आणि नंतर शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांच्या वापरलेल्या जीन्स टोकियोच्या बाजारांत आल्या. 1965 मध्ये कोजिमाच्या मारुओ कंपनीने अमेरिकेचे कापड आणून 'कँटन' जीन्स शिवल्या, आणि हीच कंपनी पुढे 'बिग जॉन' या नावाने प्रसिद्ध झाली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कुराबो गिरणीने जपानचे स्वतःचे डेनिम तयार केले. त्याच काळात हिरोशिमा प्रांतातील काइहारा या 1893 पासून निळीत रंगवलेले कासुरी (सूत आधीच बांधून रंगवून नक्षी साधलेले) कापड विणणाऱ्या घराण्याने दोरीच्या स्वरूपात सूत रंगवण्याची यंत्रणा उभी केली.

ज्या जीन्सवरून आज वाद घातले जातात त्या मात्र ओसाकातून आल्या. 1979 मध्ये स्टुडिओ दार्तिझान, मग देनिम, 1991 मध्ये एविसू, 1992 मध्ये फुलकाउंट आणि 1995 मध्ये वेअरहाउस अशा लहान कंपन्या निघाल्या. जुनी अमेरिकी पँट उसवून तिचे सूत, वीण, शिवण आणि तांब्याचे रिव्हेट यांचा अभ्यास करणे, हा त्यांचा ध्यास होता. जुन्या रिंग फ्रेमच्या सुतात जाडबारीकपणा असे. अमेरिकी गिरण्यांनी नंतर स्वीकारलेल्या ओपन-एंड (रिंग फ्रेमऐवजी वेगळ्या, वेगवान यंत्रावर काढलेल्या) सुतात तो राहिला नाही आणि सूतही तुलनेने कमजोर झाले. म्हणून ओसाकाकरांनी असमान सूत मुद्दाम काढून घेतले. फुलकाउंटने लांब धाग्याचा झिम्बाब्वेचा कापूस निवडला. दर्जाची तुलना करताना वजनाकडे फार लक्ष दिले जाते. हे वजन चौरस यार्डाला औंसांत सांगतात : 14 औंसाचे कापड चौरस मीटरला सुमारे 475 ग्रॅम भरते आणि 21 औंसाचे 700 ग्रॅमच्या वर जाते. परंतु जड कापड आखूड रुईचेही असू शकते. कापसाच्या बाजारात मूठभर रुई ओढून धाग्याची लांबी आणि कवडीचे (डागी, किडक्या कापसाचे) प्रमाण पाहणाऱ्या माणसाने हाच प्रश्न पँटीलाही विचारावा.

मापाचा गोंधळ आटवण्याच्या प्रक्रियेतून निर्माण होतो. सॅनफोर्ड क्लुएट यांनी 1930च्या सुमारास कापड आधीच आटवून घेण्याची पद्धत रूढ केली. ती न केलेले कापड पहिल्या भिजवणीत 7 ते 10 टक्के आटते, म्हणजे 34 इंच लांबीचा पाय तीन इंचांपर्यंत कमी होऊ शकतो. त्यामुळे भिजवून वाळवल्यानंतर कंबर, आसन, मांडी आणि बॉटम यांची सपाट मांडून घेतलेली मापेच तुलनेस योग्य. 1947, 1955 आणि 1966 या सालांच्या लेव्हाइस या अमेरिकी कंपनीच्या 501 जीन्सचे काट हे आजही आधारमाप मानले जातात : पहिला सरळ, दुसरा ऐसपैस, तिसरा खाली निमुळता.

रंग उतरण्याचे रहस्य रंगवण्याच्या पद्धतीत आहे. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, शेकडो धाग्यांची दोरी नीळीच्या हौदात बुडवून हवेत काढतात आणि हे अनेकदा करतात. हवेतील ऑक्सिजन लागल्यावर रंग पक्का निळा होतो, पण धाग्याचा गाभा पांढराच राहतो. घासले जाईल तिथे हा गाभा उघडा पडतो, म्हणून मांडीवर मिशांसारख्या रेघा आणि गुडघ्यामागे पोळ्यासारखी जाळी उमटते, तर असमान सुतामुळे उभे पट्टे येतात. 1897 पासून बाजारात आलेली कृत्रिम नीळच बहुतेक जपानी डेनिमलाही वापरली जाते. नैसर्गिक नीळ हा महागडा अपवाद आहे.

विदर्भात तुलना करताना हवामान धरलेच पाहिजे. पँट महिनोन्महिने न धुता ठळक रेघा मिळवण्याची पद्धत थंड प्रदेशांची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा घामट कापड तसेच ठेवल्यास शिवणीजवळचे सूत कुजते आणि मोटारसायकलच्या सीटवर घासून आसनाची शिवण लवकर फाटते. येथे 11 ते 13 औंसाचे कापड घेणे, ते उलटे करून साध्या पाण्यात वरचेवर धुणे आणि सावलीत वाळवणे योग्य ठरते. अशा पँटीचा रंग ओसाकाच्या छायाचित्रांइतका तुटक उतरत नाही, एकसारखा फिकट निळा होत जातो. दोन पँटींची छायाचित्रे शेजारी ठेवताना किती महिने, किती धुणी आणि कोणत्या ऋतूत वापरली, हे सोबत लिहिलेले असेल तरच कापडाचा गुण आणि हवेचा परिणाम वेगळा करता येतो.